कोकमाचे मोती

जोधपूरला फॅमिली क्वार्टर मिळून आठ महिने झाले. लेक बारा वर्षांची आहे आणि सलग आठ महिने तिच्यासोबत राहायची माझी ही पहिलीच वेळ. आजवरचा बाप रजेपुरता. रजेतला बाप लाडका असतो, कारण तो परत जाणार असतो. इथे मी रोज संध्याकाळी घरी येतो, त्यामुळे आमचं जरा जपूनच चाललंय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती म्हणाली, "पप्पा, पॉपिंग बोबा घरी करूया?" पुण्यात मामाकडे खाल्ले होते म्हणे. साबुदाण्याएवढे रंगीत मोती, दाताखाली आले की फटकन फुटतात आणि तोंडात रस. आमच्या मंडळींचं म्हणणं, साबुदाणाच खायचा तर एकादशी आहे की! पण हिच्या कुडाळच्या माहेरहून आलेली अमृत कोकमाची बाटली पुढे केली तीही तिनेच.

सामान ऑनलाइन मागवलं. सोडियम अल्जिनेट, कॅल्शियम लॅक्टेट आणि खिशात मावणारा ग्रॅमचा काटा. एमआय रूममधून दहा मिलीच्या दोन कोऱ्या सिरिंज आणल्या, सुईशिवाय.

पहिल्या रविवारी अल्जिनेट थेट कोकमात घातलं आणि चोथा झाला. नंतर वाचलं, आंबट रसात ते नीट विरघळत नाही. दुसऱ्या रविवारी कलिंगडाचा रस घेतला, कारण त्यात आंबटपणा जवळजवळ नाहीच. अडीचशे मिली रसात दोन ग्रॅम अल्जिनेट, आणि समोर कॅल्शियम लॅक्टेटचं पाणी. थेंब पडला की त्याच्याभोवती लगेच साल धरते. आधी सगळे शेपटीवाले झाले, बेडकाच्या पिल्लांसारखे. सिरिंज किती उंचीवर धरायची आणि श्वास रोखून दट्ट्या किती हळू दाबायचा, हे जमल्यावर गोल पडायला लागले. फायरिंगची सवय अशी कामाला आली. मैत्रिणींसाठी वाटीभर फ्रिजमध्ये ठेवले, तर संध्याकाळपर्यंत आतला रसही घट्ट झालेला. कॅल्शियम सालीपाशी थांबत नाही, आत शिरतच राहतं. मैत्रिणींनी मुकाट्याने चावून खाल्ले. लेक माझ्याशी रात्रभर बोलली नाही.

तिसऱ्या वेळी उलटं केलं. कॅल्शियम कोकमात, अडीचशे मिलीला पाच ग्रॅम, आणि अल्जिनेट पाण्यात, लिटरला पाच ग्रॅम. असं केलं की साल बाहेरच्या बाजूने धरते, आत अल्जिनेट नसल्यामुळे रस पातळच राहतो, आणि आंबटाचाही त्रास नाही. पण आमच्याकडे बोअरचं पाणी! किटलीला पांढरा थर बसतो, डाळ शिजता शिजत नाही. त्या पाण्यात आधीच कॅल्शियम, त्यामुळे अल्जिनेटच्या गुठळ्या झाल्या. मी म्हटलं, एमटीतलं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणू का? त्यावर मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी फिल्टरचं पाणी घेतलं, मिक्सरमधून फिरवलं आणि बुडबुडे बसायला रात्रभर ठेवलं.

सकाळी लेक सिरिंज धरून आणि मी झारा घेऊन. तीन मिनिटांनी मोती काढायचे, साध्या पाण्यात खळबळून कोकमातच टाकायचे. पहिला तिने खाल्ला. डोळे मिटले आणि म्हणाली, "फुटला!"

मग पाकीट उलटसुलट करत तिने विचारलं, "अल्जिनेट म्हणजे काय?"

म्हटलं, समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून काढतात. आपल्याकडे तमिळनाडूत, रामेश्वरम-मंडपमच्या बाजूला ते शेवाळ गोळा करतात. आणि मग तोंडातून निघून गेलं, "माझ्या पायाला पण हेच लावलं होतं."

2016 साली पूंछ सेक्टरला माझ्या पोटरीत स्प्लिंटर घुसला होता. हॉस्पिटलमध्ये सिस्टर जखमेत कापसासारखी मऊ पट्टी भरायच्या, ती कॅल्शियम अल्जिनेटची. जखमेतून पाणी येतं, त्यातल्या सोडियमशी तिची देवाणघेवाण होते आणि पट्टीची जेली बनते. ड्रेसिंग बदलताना ती मांसाला चिकटत नाही. आधीचं साधं गॉज सोलून काढताना मी उशी चावली होती, म्हणून हे नाव लक्षात राहिलं. सिस्टरना विचारून घेतलं होतं.

लेक तेव्हा तीन वर्षांची. तिला सांगितलं होतं, पप्पा ट्रेनिंगला गेलेत. पुढे व्रण दिसला तेव्हा सांगितलं, काटेरी तार लागली.

ती खाली बसली आणि माझी ट्रॅकपँट वर करून बघितलं. बोट लावलं नाही.

"आईला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"आजीला?"

"हो."

"म्हणजे ट्रेनिंग फक्त माझ्यासाठी."

मी काही बोललो नाही. ओट्याशी उभी असलेली आईसुद्धा गप्प. मग लेकीने विचारलं ते अगदी बारीकसारीक. किती दिवस झोपून होतात? रक्त किती गेलं? आता धावताना दुखतं का? थंडीत दुखतं, मी म्हटलं. तिने मान हलवली, जणू ती वहीत टिपून घेत होती.

या सगळ्यात भांड्यातले मोती काढायचे राहून गेले. तीन मिनिटांची वीस झाली असावीत. त्यांची साल जाड झाली होती, फोडायला दातांना जोर द्यावा लागत होता. तिघांनी मिळून ते सगळे संपवले.