रेघेखालचं वाचता यावं

आमच्या मंडळीत कुणी प्रभूमध्ये झोपी गेलं की संध्याकाळपर्यंत मला निरोप येतो: बाई, जीवनवृत्त लिहून द्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा हे काम आपोआप गळ्यात पडलं. अंत्यविधीच्या उपासनेत गीत आणि शास्त्रवाचन यांच्यामध्ये चार-पाच मिनिटांत वाचून होईल एवढा मजकूर, आणि हाताशी एक रात्र. घरात रडणं चाललेलं असतं, नागपूरहून निघालेल्यांचे फोन येत असतात, कबर खणणाऱ्यांशी बोलणी व्हायची असतात. त्यात एका कोपऱ्यात बसून मी विचारत असते आणि उत्तरं येतात ती सगळ्या घरांतून सारखीच. प्रेमळ होते. मनमिळाऊ होते. प्रार्थनाशील होते. आपल्या कबरस्तानात एकही तापट माणूस नाही, असं मी एकदा पाळकसाहेबांना म्हटलं. ते हसले नाहीत.

विशेषणं खोटी नसतात, पण ती कुणालाही बसतात. त्यामुळे मी आता घरच्यांना 'कसे होते' असं विचारतच नाही. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे, कशावरून चिडायचे, खिशात काय असायचं, हे विचारते. आणि वही-कागद मागते. माणूस लिहिणारा नसला तरी कागद उरतातच: दुधाचा हिशेब, बायबलच्या कोऱ्या पानावर टिपलेल्या जन्मतारखा, एखादी पावती.

पाटबंधारे खात्यातल्या एका आजोबांच्या घरी मात्र मागावं लागलं नाही. नातीनेच वह्यांचा गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. आजोबा ओव्हरसियर म्हणून लागले आणि उपअभियंता होऊन निवृत्त झाले. उमेदीची वर्षं पुसदजवळ पूस धरणावर गेली. ते 1971 साली पूर्ण झालं. पुढे दिग्रसकडे अरुणावतीच्या कालव्यांवर. मुलगा म्हणाला, "बाबांनी धरणं बांधली असं लिहा." अभियंत्याच्या जीवनवृत्तात विश्वेश्वरय्यांचं नाव यावं, अशीही एक सूचना आली. अशा वेळी ती येतेच.

पण धरण एकटा माणूस बांधत नाही, आणि वह्यांमध्ये धरण नव्हतंच. होती ती माती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली काळी माती कपाशीला आईसारखी आणि कालव्याला वैरी. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं काँक्रीटचं अस्तर तडकवून टाकते. मुंबईच्या आयआयटीत डॉ. आर. के. कट्टी यांनी यावर बरीच वर्षं प्रयोग केले. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून बसवला तर खालचं फुगणं वर पोचत नाही, असं त्यांनी दाखवलं. आजोबांनी हे कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं असावं, कारण एका वहीत कट्टींचं नाव होतं आणि त्यापुढे पानंच्या पानं: कुठल्या टेकाडावरचा मुरूम चालेल, कुठला नाही, ट्रॅक्टर कुठून वळेल. हा माणूस आयुष्यभर जे करत आला ते दिसण्यासारखं नव्हतंच. कालवा फुटला की वर्तमानपत्रात बातमी येते. न फुटलेल्या कालव्याची कोण देणार?

दुसऱ्या वह्या निवृत्तीनंतरच्या. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलेला, रोज सकाळी साडेआठला नोंद. वेधशाळेची वेळही हीच. मिलिमीटरच्या पुढे थोडी जागा उरायची, तिथे घर यायचं; चिमी म्हणजे हीच नात. '14. चिमीला ताप.' '0. चिमीचा पेपर बरा गेला.' '62. नाला भरून, शाळेत पोचवून तिथेच थांबलो.' हात कापू लागल्यावर अक्षर बदलतं. आकडे नातीच्या हातचे, पण शेजारची घरची नोंद मात्र त्यांचीच, वेडीवाकडी. नातवंडांवर फार जीव होता, हे वाक्य मी त्या रात्री लिहिलं नाही. या तीन नोंदी जशाच्या तशा उतरवल्या.

चर्चचा भाग अवघड गेला. यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. त्यानंतर आमच्यासारख्या मंडळ्यांतून बाहेरगावची माणसं कमी झाली आणि हिशेब, डागडुजी, पंचकमिटी हे सगळं इथल्याच नोकरदारांवर आलं. आजोबा खजिनदार होते. एका बांधकामाच्या बिलावर त्यांनी सही केली नाही. स्वतः टेप घेऊन भिंत मोजली, बिलातलं माप जास्त निघालं. सभेत आवाज चढले. "देवाच्या घरात टेप कशाला?" असं कुणीतरी म्हणालं. आजोबांनी खजिनदारी सोडली आणि पुढे कितीतरी रविवार ते उपासनेला आलेच नाहीत.

"हे राहू द्या ना बाई," मुलगा म्हणाला. "शेवटच्या दिवशी कशाला?" नात म्हणाली, "लिहा."

खात्यात मोजमाप पुस्तिका असते. सगळे तिला एमबी म्हणतात. तिचे नियम आजोबांनी एका वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते. नोंद जागेवरच करायची, शाईने. पान फाडायचं नाही. चूक झाली तर खोडून काळं करायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. मी ते मुलाला वाचून दाखवलं आणि म्हटलं, पान मी फाडत नाही, रेघ मारते.

आपल्या ख्रिस्ती मराठीत याला मोठा आधार आहे. 1893 साली रेल्वेच्या डब्यात ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार ठेवणारे अर्नेस्ट वॉर्ड फ्री मेथडिस्ट मिशनचे. यवतमाळात काम केलं तेही हेच मिशन. त्या टिळकांबरोबरच्या संसारावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. टिळकांचा राग, घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन टाकणं, बायकोला न विचारता घेतलेले निर्णय, सगळं त्यात आहे. बाईंनी नवऱ्याला मखरात बसवलं असतं तर ते पुस्तक आज कोण वाचतं? आमची जीवनवृत्तं मात्र बहुतेक मखरंच असतात, आणि त्यातली काही मीही रचली आहेत.

शेवटी एवढंच लिहिलं: 'बिलाचं माप पटलं नाही म्हणून त्यांनी सही केली नाही व खजिनदारी सोडली. काही काळ ते उपासनेपासून दूर राहिले. परत आले ते मागच्या बाकावर बसले, आणि पावसाळ्याआधी छपराची पन्हळं साफ करण्याचं काम त्यांनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं.' पाळकसाहेबांनी वाचलं. हे वाक्य आलं तेव्हा मुलाने मान खाली घातली होती.

कबरस्तानातून परतताना एक वयस्कर पंच माझ्याबरोबर चालू लागले. "म्याच भांडलो होतो जी त्यायच्याशी," ते म्हणाले. "टेपचं म्याच बोललो होतो." मग थोडं चालून, "पन्हळं साफ करताना शिडी मी धरत होतो. ते नाही लिहिलं तुम्ही."

लिहिलं नाही, कारण वहीत ते नव्हतं. आजोबांनी पन्हळांच्या पुढे फक्त पावसाचा आकडा लिहिला होता. महिन्याच्या स्मरणभक्तीला तोच मजकूर पुन्हा वाचायचा होता, तेव्हा शिडीचं वाक्य त्यात घातलं आणि पंचांना आधी वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली: शिडी चर्चची नव्हती, त्यांच्या घरची होती.

या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं लिहायचं आहे. सुनेला म्हटलं, मापांची वही असेल, ती आधी शोधा.