सीटखालच्या अँपला हवा मिळू द्या

अकोल्यात एप्रिल उजाडला की माझ्या दुकानात एक तक्रार ठरलेली असते. गाणं रंगात आलेलं असताना आवाज एकदम बंद पडतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप परत येतो. अँप गेलं, आता नवं घ्यावं लागणार, असं धरूनच गिऱ्हाईक येतं. गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. अनुभवावरून सांगतो, यातली बहुतेक अँप ठणठणीत असतात. बिघाड असतो तो त्यांना बसवलेल्या जागेत.

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक असंच गाऱ्हाणं घेऊन आले. सरांना वसंतराव देशपांड्यांच्या गाण्याचं वेड. वसंतरावांचा जन्म आपल्या जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा, हे ते कोणालाही अभिमानाने सांगतात. मुलगी नागपूरला असल्यामुळे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर गाणं त्यांच्या सोबतीला असतं. दारांत चांगले स्पीकर, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली फोर-चॅनल अँप, सगळं दुसऱ्या एका ठिकाणी बसवून घेतलेलं. पण दुपारी निघाले की तळेगावच्या आसपास गाणं थांबायचंच.

“बेटा, तान अर्ध्यावर तुटते. पुढचा रस्ता मग खायला उठतो,” ते म्हणाले.

मी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. चालू केल्यावर किती वेळाने बंद पडतं, आणि परत येतं का? कुठे वायर शॉर्ट असेल तर अँपवरचा प्रोटेक्टचा लाल दिवा चालू केल्याबरोबर किंवा आवाज वाढवताच लागतो. बराच वेळ वाजल्यावर लागणारा आणि थंड झाल्यावर विझणारा दिवा उष्णतेचा. सरांचं उत्तर दुसऱ्या प्रकारात बसत होतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढून, थोडा वेळ थांबून आम्ही सीटचे बोल्ट सोडले. खालचं दृश्य पाहून वाईट वाटलं. अँप थेट कार्पेटवर स्क्रूने आवळलेलं होतं. नंतर कोणीतरी सेव्हन-डी मॅट टाकली होती आणि तिची जाड, फोमची कड अँपच्या दोन्ही बाजूंनी वर चढली होती. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ, केस आणि बुटांची वाळलेली माती घट्ट बसली होती. सीट पूर्ण मागे घेतली की तिच्या खालची पट्टी अँपच्या डोक्यावर टेकत होती. खालून कार्पेट, बाजूंनी मॅट, वरून सीट. हवेला आत शिरायला फट नव्हती आणि बाहेर पडायलाही.

सीट काढण्याआधी मी गाडी उन्हात उभी करून, एसी लावून, सरांच्या नेहमीच्या आवाजात गाणी वाजवून पाहिली होती. क्लॅम्प मीटरवर सरासरी १० अँपिअर करंट दिसत होता. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर हे १३८ वॉट झाले. अँप क्लास-एबी होतं. अशा अँपमध्ये नेहमीच्या वाजवण्याला निम्म्याहून कमी वीज स्पीकरपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन तिथेच राहते. म्हणजे सीटखाली १०० वॉटच्या जुन्या बल्बाइतकी धग बंद जागेत कोंडलेली. त्यात आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभी गाडी आतून ६० च्याही वर तापते. हीटसिंकचं तापमान मोजलं तेव्हा ते ७९ अंश होतं. त्या पायरीवर अँप स्वतःला बंद करत होतं, आणि करत होतं तेच योग्य होतं. आतले ट्रान्झिस्टर त्यामुळेच वाचले.

मग कामाला लागलो. ब्रश आणि हवेच्या झोताने पाती साफ केली. मॅट अँपच्या मापाने कापली. ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अँप बसवलं आणि तो पत्रा रबरी गुटक्यांवर कार्पेटपासून पाऊण इंच उचलला. त्यासाठी अँप जरा मागच्या बाजूला, सीटचा सांगाडा उंच असतो तिथे सरकवावं लागलं. सीट पुढे-मागे, वर-खाली करून, वर धडधाकट माणूस बसवून पाहिलं, तरी डोक्यावर इंचभर मोकळी जागा उरली.

पाती लांबीच्या दिशेने होती, म्हणून हवा त्याच दिशेने वाहायला हवी. एका टोकाला ८० मिलिमीटरचे, १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे लावले. पंखा आडवा लावून पात्यांच्या कुशीवर वारा मारला तर फारसा उपयोग होत नाही. रिमोटची निळी वायर फक्त अँपला जागं करण्यापुरती असते, तिच्यावर पंख्यांचा भार टाकला नाही. तिने रिले चालवला आणि पंख्यांना वेगळ्या फ्यूजमधून वीज दिली. सोबत ४५ अंशांना चालू होणारा थर्मल स्विच जोडला, म्हणजे पंखे गरजेपुरतेच फिरतील आणि संथ आलापीत त्यांची घरघर येणार नाही.

उष्णता मुळातच कमी व्हावी म्हणून सेटिंगही बदललं. गेन जवळपास शेवटाला नेलेला होता. त्याने आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज अँपला जास्त तापवतो. गेन खाली आणला, दारांतल्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय-पास लावला. सगळ्यात जास्त ताकद खालच्या बासला लागते आणि छोट्या स्पीकरना तो धड वाजवताही येत नाही. गायकाचा गळा उलट अधिक स्वच्छ ऐकू आला. त्याच उन्हात, त्याच आवाजाला पुन्हा मोजलं: ५७ अंश. नागपूरला पोचल्यावर सरांचा फोन आला, “अख्खी वाट गाणं चाललं, बेटा.” या धंद्यात मला यापेक्षा मोठी कमाई नको.

अँप सीटखाली बसवून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सीटखालची पिवळी कनेक्टर एअरबॅगची असतात, त्यांना कापू देऊ नका, त्यांच्यावर वायरी ताणू देऊ नका. जागा वाचते म्हणून अँप सीटच्या पोटाला उलटं टांगू नका, उष्णता वर चढून सर्किटलाच भाजते. मागच्या प्रवाशांसाठी एसीचं तोंड सीटखाली असेल तर ते झाकू नका. पावसाळ्यात ओल्या बुटांचं पाणी तिथेच साचतं, म्हणूनही अँप उचललेलंच हवं. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, ती घ्यायचीच असेल तर जाड घ्या. नवं अँप घेताय तर क्लास-डी बघा. ते तेवढ्याच आवाजाला खूप कमी तापतं आणि आकारानेही लहान असतं.

आणि पैसे देण्याआधी सीटखाली हात घालून बघा. वर इंचभर जागा आणि दोन्ही टोकांना हवेची वाट नसेल, तर फिटरला स्पष्ट सांगा, अँप डिकीत बसव.