रूपांतर नको

'बट्टा' हा शब्द आज आपल्याला नावाला लागण्यापुरताच ठाऊक आहे. पेशवाईत तो सराफाच्या पेढीवर रोज कानी पडे. अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालत. एक देऊन दुसरा घेताना जी घट सोसावी लागे तो बट्टा. हुंडीने दूरगावी पैसा पाठवण्याची हुंडणावळ वेगळी. परदेशात एटीएमसमोर उभे राहिले की हे दोन्ही शब्द पुन्हा अर्थपूर्ण होतात.

गेल्या हिवाळ्यात एका परिषदेच्या निमित्ताने बँकॉकला जाणे झाले. सोबत माझी जुनी विद्यार्थिनी होती. ती आता तासिका तत्त्वावर शिकवते, आणि हा प्रवास तिने स्वतःच्या शिलकीतून केला होता. थायलंडमधील बँका परकीय कार्डावर दर वेळी ठरावीक शुल्क आकारतात; कित्येक वर्षे ते २२० बाट होते. रक्कम लहान असो वा मोठी, आकार तोच. म्हणजे २२० बाटांच्या हिशेबाने २,००० बाट काढले तर ११ टक्के गेले; २०,००० काढले तर जेमतेम १.१. थोडे थोडे काढण्याची आपली मध्यमवर्गीय सावधगिरी येथे महागात पडते. शिवाय आपली बँक दर खेपेला स्वतःचे शुल्क लावते, आणि विनिमयावर बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार व त्यावर जीएसटी. बाट भरून नेलेल्या फॉरेक्स कार्डाने हा अधिभार वाचतो, तेथील बँकेचे शुल्क मात्र वाचत नाही. (क्रेडिट कार्डाने रोकड काढण्याचा विचारही करू नये, व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.)

हे सारे निदान उघड असते. खरी मेख पुढच्या पडद्यावर आहे. रक्कम सांगितल्यावर यंत्र ती रुपयांत मांडून दाखवते आणि विचारते: 'विथ कन्व्हर्जन' की 'विदाउट'? याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. दर यंत्रवाल्याने ठरवलेला असतो आणि त्यात त्याचा नफा मुरलेला असतो. नकार दिला तर व्यवहार बाटमध्येच होतो आणि रूपांतर व्हिसा वा मास्टरकार्डच्या दराने होते. तो दर सहसा बराच बरा असतो.

"रुपयांत दाखवतंय, तेच बरं ना, सर? निदान कळतंय तरी किती गेले."

"कळण्याचेच पैसे घेतायत गं. नको म्हण."

आम्ही तेथेच मोबाइलवर हिशेब केला. १०,००० बाटांमागे फरक तिच्या एका तासिकेच्या मानधनाहून अधिक निघाला. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग 'विदाउट' दाबले.

भाषेच्या शिक्षकाला त्या पडद्याचे गद्य वाचण्यासारखे वाटते. स्वीकाराचे बटण ठळक; नकाराचे वाक्य असे, की पैसेच मिळणार नाहीत अशी धास्ती वाटावी. 'गॅरंटीड' हे विशेषण दराला लावलेले असते, आणि ते खोटेही नसते. जास्तीचा दर निश्चित केलेलाच आहे! परक्या गावी ओळखीचे चलन दिसले की माणूस सैलावतो, हे त्या मजकुराच्या लेखकाला पक्के ठाऊक आहे. आमच्या अनुवादाच्या वर्गात इतका वाचकाभिमुख मजकूर क्वचितच लिहिला जातो. असो.

हाच प्रश्न दुकानातील कार्डयंत्रही विचारते. तेथे पुष्कळदा विक्रेताच आपल्या वतीने बटण दाबून मोकळा होतो. म्हणून कार्ड हाती देतानाच 'बाट' एवढे सांगावे, आणि सही करण्यापूर्वी पावतीवरचे चलन पाहावे.