निकषांनो, पर्लकोटेच्या अलीकडे थांबू नका

मुलांच्या आतड्यांच्या जुनाट दाहाच्या निदान-उपचार निकषांनो,


क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांसाठी तज्ज्ञांनी तुम्हाला घासूनपुसून लिहिलं. 2005 चे पोर्टो निकष, 2014 ची त्यांची सुधारणा, सगळ्यांचा आग्रह एकच: आधी दुर्बिणीने आतडं पाहा, तुकडा तपासा, मग औषध. आपल्याकडे तर हे फारच गरजेचं. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दिसायला सारखे. क्रोन्सच्या मुलाचे महिने क्षयाच्या गोळ्यांत जातात, आणि क्षय असताना स्टिरॉइड दिलं तर जिवावर बेततं.

पण गडचिरोलीत शौचातून रक्त पडलं की आव समजतात, वजन खुंटलं की कुपोषण. बहुतेकदा ते खरंही असतं. म्हणूनच आतड्यांचा जुनाट दाह त्यामागे लपतो. त्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद.

तरी तुमच्यातलं एक साधन सुईशिवाय, यंत्राशिवाय चालतं: कोलायटिसची तीव्रता मोजणारा 'पुकाई' गुणांक. पोट दुखतं का? रक्त किती पडतं? शौच पातळ की घट्ट? दिवसातून किती वेळा? रात्री उठावं लागतं का? खेळणं, वावरणं कमी झालं का? एकूण गुण 85; 65 किंवा जास्त झाले की मुलाला तातडीने रुग्णालयात न्यायचं. निदान झालेल्या मुलाच्या आईला आशाताई हे सहा प्रश्न माडिया बोलीतही विचारू शकते.

हे अशक्य म्हणू नका. गडचिरोलीतल्याच 39 गावांत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांचे आजार ओळखायला, उपचार करायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं आणि 2011 पासून ती पद्धत देशभरच्या आशांकडे गेली.

म्हणून मागणं स्पष्ट आहे. आतड्यांचा हा दाह बहुधा मोठ्या मुलांत दिसतो, तेव्हा आश्रमशाळेच्या आरोग्य तपासणीत या. चार आठवड्यांहून जास्त जुलाब किंवा रक्त, सोबत खुंटलेलं उंची-वजन, एवढं दिसलं की मूल थेट तज्ज्ञांकडे जावं. क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रव आहार हा तुमचा पहिला उपचार; स्टिरॉइडसारखी वाढ न खुंटवता तो दाह शमवतो. तो आहार जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळावा. तुम्ही लिहिलेला दर्जा इथल्या मुलाचाही हक्क आहे.

आपला,
एक चंद्रपूरकर