एका चिपमधले अनेक टॅप

पॅकेजमध्ये बंद झालेल्या चिपच्या आत पाहण्याची वाट म्हणजे टेस्ट ॲक्सेस पोर्ट, थोडक्यात टॅप. १९९० साली आयईईई ११४९.१ हे मानक आले आणि चार पिनांत काम भागू लागले. टीसीकेवर क्लॉक, टीएमएसवर पुढच्या अवस्थेचा हुकूम, टीडीआयमधून आत जाणारे बिट, टीडीओमधून बाहेर येणारे बिट. आत सोळा अवस्थांचे नियंत्रक यंत्र चालते. टीएमएस सलग पाच क्लॉक १ ठेवला, की ते कुठल्याही अवस्थेतून रीसेटला येते.

मानकाने एका चिपला एकच टॅप धरला होता. पुढे तयार कोअर, म्हणजे प्रोसेसरसारखे आयते भाग, जोडून चिप बांधण्याची पद्धत रुळली. अनेक कोअर आपापला टॅप घेऊन आले. बाहेरच्या पिना तेवढ्याच राहिल्या.

सर्वांत सोपा तोडगा म्हणजे सगळे टॅप एकामागोमाग साखळीत जोडणे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळणाऱ्या एसटीएम३२एफ१०३च्या बोर्डावर हे प्रत्यक्ष पाहता येते. या चिपमध्ये दोन टॅप आहेत. बाउंडरी स्कॅनच्या टॅपचे इन्स्ट्रक्शन रजिस्टर ५ बिटांचे, कॉर्टेक्स कोअरच्या टॅपचे ४ बिटांचे. कोअरशी बोलायचे तर बाउंडरी स्कॅनच्या टॅपमध्ये सगळे १ भरून त्याला बायपासवर ठेवावे लागते आणि प्रत्येक डेटा शिफ्टमध्ये एक बिट जास्त मोजावा लागतो. दोन टॅपांपुरते हे चालते. वीस कोअर असले, तर साखळी लांबते, सगळ्यांत मंद टॅप क्लॉकचा वेग ठरवतो, आणि एका कोअरची वीज बंद केली की साखळीच तुटते. वीज वाचवण्यासाठी कोअर बंद ठेवणे आता नित्याचे झाले असल्याने हा दोष जीवघेणा ठरतो.

जादा पिना देऊन टॅप निवडणेही शक्य असते. पण प्रत्येक पिनेला पॅकेजमध्ये जागा आणि पैसा लागतो. म्हणून निवडीचा हुकूम त्याच चार तारांवरून देणे हाच खरा उपाय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ली व्हेटसेल यांनी १९९७ मध्ये टॅप जोडणाऱ्या अशा मॉड्यूलची रचना मांडली. त्याच कंपनीच्या आइसपिक या टॅप निवडणाऱ्या मॉड्यूलमध्ये सुरुवातीला एकच टॅप दिसतो; त्याच्या रजिस्टरमध्ये लिहून बाकीचे टॅप साखळीत घ्यायचे.

खरे कौशल्य बदलाच्या क्षणी लागते. परळीच्या स्टेशनात गाडी सांध्यावर असताना सांधेवाला सांधा फिरवत नाही. इथेही बिट सरकत असताना वाट बदलायची नसते. न निवडलेल्या टॅपचा टीएमएस रन-टेस्ट-आयडल अवस्थेत एका गेटने ० वर धरला, की तो तिथेच थांबून राहतो. कायम जोडलेला मुख्य टॅप त्याच अवस्थेत आला, म्हणजे दोघे एका पावलावर येतात आणि तेव्हाच टीएमएसचे गेट उघडायचे. टॅप टीएमएस वाचतो तो क्लॉकच्या चढत्या कडेला, म्हणून गेट उतरत्या कडेला बदलावे. आणखी एक गोष्ट आराखड्यात हमखास निसटते: टीएमएस ० वर अडकवलेल्या टॅपला ते पाच १ कधी दिसतच नाहीत. त्याच्या रीसेटची सोय वेगळी करावी लागते.

२०१४ च्या आयईईई १६८७ ने हाच विचार चिपमधल्या लहान उपकरणांपर्यंत नेला. तिथे एक बिट १ केला की साखळीचा तेवढा तुकडा उघडतो, ० केला की मिटतो. २००९ च्या ११४९.७ ने तारा दोनवर आणल्या आणि टॅपांना पत्ते दिले.

पद्धत कोणतीही असो, रीसेटनंतर चिप बाहेरून एकाच टॅपची दिसली पाहिजे. नाहीतर बोर्ड तपासणारी सामग्री गोंधळते. वाट बदलल्यावर साखळी पुन्हा मोजणेही तितकेच आवश्यक. ही मोजणी अवघड नाही. रीसेटनंतर डेटा वाचताना एखाद्या टॅपचा पहिला बिट १ आला, तर तो ३२ बिटांचा ओळख क्रमांक. ० आला, तर एका बिटाचा बायपास. सिरसाळ्यासारख्या गावातल्या विद्यार्थ्यालाही साधा बोर्ड, तो संगणकाला जोडणारा ॲडॅप्टर आणि ओपनओसीडी हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन हे घरी करून पाहता येईल, आणि त्याने ते जरूर करावे.