चष्म्यातला जखमी

यंदा उन्हाळ्यात टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोला भाच्याकडे उतरलो होतो. त्याचा मुलगा अमेरिकी लष्करात. फोर्ट सॅम ह्यूस्टनला रणांगणावरचे प्रथमोपचार शिकत होता. त्याने माझ्या डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढविला आणि दिवाणखाना नाहीसा झाला! धुरळ्यात एक जवान कण्हत पडलेला. मांडीतून रक्ताची धार. मी आपला जन्माचा कारकून, त्याची नाडी चाचपू लागलो.

"आजोबा, आधी रक्त थांबवा! श्वासाचं नंतर."

मी हवेतच पट्टा आवळला. जवान वाचला म्हणे. मग पोराने खरा पट्टा माझ्या दंडाला बांधून दांडी पिळली. मनगटाची नाडी बुडाली, डोळ्यांत पाणी आले.

"हे दुखणं चष्म्यात नसतं," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याची तुकडी निघायची होती. त्याची आई पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकली.