पाव मायक्रॉनचा हिशोब



नातीला चष्मा घालवायचा होता, नंबर उणे चार. "लेसरनं डोळा भाजला तर?" म्हणून मीच अडून बसले. शेवटी नीट समजून घेतलं.

हा एक्सायमर लेसर सलग पडत नाही. सेकंदाचे कोटी भाग केले, तर त्यातल्या एकाहूनही छोटा एकेक झोत. १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पेशीजालातले रेणूंचे बंधच तोडतो आणि उष्णता पसरण्याआधीच सुमारे पाव मायक्रॉनचा थर उडून जातो. बाजूचं भाजत नाही.

१९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत श्रीनिवासन यांनी हे पाहिलं, सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर! वाचून मन खट्टू झालं. त्या जिवाची मनोमन क्षमा मागितली आणि नातीला होकार दिला.

आता हिशोब. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचशे मायक्रॉनच्या थोडा वर. एका नंबराला साधारण १५ मायक्रॉन जातात, चाराला ६०. शिवाय आतला हा थर पुन्हा भरून येत नाही. मुद्दलच ते! म्हणून आधी जाडी मोजतात.

नातीचा कॉर्निया पातळ निघाला. डॉक्टर नको म्हणाले. पोर खूप रडली.

तिला म्हटलं, "अगं, निर्जरेत थर गेले की आत्मा हलका होतो. डोळ्याचं तसं नाही, तिथं राखून ठेवायचं असतं."

आता दोघी चष्मा लावून स्वाध्यायाला बसतो.